भर ओहोटीत टाकलेला नांगर: एका रविवारच्या शर्यतीचं प्रकरण

प्रश्न एका वाक्यात मावणारा होता. शर्यत चालू असताना एका डिंगीने, म्हणजे शिडाच्या छोट्या होडीने, नांगर टाकला, वारा परत आल्यावर तो ओढून घेतला, आणि ओढताना होडी स्वतःच्या लांबीच्या सहापट पुढे आली. हा नियमभंग आहे का?

प्रोटेस्ट कमिटीतल्या, म्हणजे शर्यतीतल्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या समितीतल्या, आम्हा तिघांना त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत बसावं लागलं. निकाल नियमाला धरूनच लागला, पण त्या दुपारी पाण्यावर जे घडलं त्यातून आमच्या क्लबच्या शर्यती लावण्याच्या पद्धतीतला मोठा दोष उघडा पडला. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. होड्यांना अ आणि ब अशी अक्षरं दिली आहेत. केसबुकात, म्हणजे नियमांवरच्या निवाड्यांच्या पुस्तकात, तशीच पद्धत असते आणि नावांवाचून काही अडत नाही.

पाणी कसं होतं

आम्ही शिडं उभारतो ते कुलाब्याच्या पूर्वेकडच्या, बंदरातल्या पाण्यात. एशियाडच्या शिडांच्या शर्यती 1982 मध्ये मुंबईत झाल्या आणि फायरबॉल प्रकारात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवलं. या शहराच्या पाण्याला शर्यतींची सवय जुनी आहे. नकाशावर आमचं पाणी समुद्राचं दिसतं, पण वागतं नदीसारखं. ठाण्याच्या आणि पनवेलच्या खाडीत सहा तास भरत गेलेलं पाणी पुढच्या सहा तासांत याच तोंडातून बाहेर पडतं. ओहोटीला प्रवाह साधारण दक्षिण-नैर्ऋत्येकडे धावतो, आणि उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या, दिवसांत त्याचा वेग दोन नॉटच्या घरात जातो. दोन नॉट म्हणजे सेकंदाला एक मीटर. बारीक वाऱ्यात डिंगीचा स्वतःचा वेगही तेवढाच असतो.

तो रविवार फाल्गुन पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेचा होता. कोळीवाड्यातला हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ मिळते. दोन त्रिक सहा, भागिले चार, म्हणजे दीड. दीड वाजता पूर्ण भरती, साडेसातला पूर्ण ओहोटी. छापील तक्त्याशी हे मिनिटागणिक जुळत नाही, पण शर्यत किती वाजता सोडावी हे ठरवायला पुरेसं आहे.

दुसरा हिशेब बाराव्या हिश्शाचा. सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासाला एकूण उताराचा बारावा हिस्सा उतरतो, दुसऱ्याला दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. त्या दिवशी उतार चार मीटरच्या आसपास होता. म्हणजे साडेतीन ते साडेपाच या दोन तासांत निम्मं, दोन मीटर पाणी उतरणार होतं. प्रवाहाचा खरा जोर तेव्हाच.

आणि आमचा स्टार्ट नेहमीप्रमाणे अडीचला होता.

अडीच का? कारण निम्मे सभासद ठाणे-डोंबिवलीकडून येतात. रविवारी मेगाब्लॉक असतो, होड्या जोडायला वेळ लागतो, आणि उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत वायव्येचा खारा वारा दुपारी एक-दीडनंतरच बसतो. वाऱ्याच्या दृष्टीने अडीच उत्तम. पाण्याच्या दृष्टीने ती वेळ कधी चांगली असते तर कधी फार वाईट, आणि ते त्या दिवशी कोणती तिथी आहे यावर ठरतं. वर्षानुवर्षं आम्ही घड्याळाची वेळ बदलली नाही. बऱ्याचदा निभावून गेलं, कारण वारा चांगला असला की दोन नॉटचा प्रवाह जाणवतो पण अडवत नाही.

शर्यत

बारा होड्या होत्या, सगळ्या एंटरप्राइझ. जॅक होल्ट यांनी 1956 मध्ये आखलेली ही दोन माणसांची डिंगी लांबीला जेमतेम चार मीटर, निळ्या शिडांची. तिला स्पिनेकर (पुढे फुगणारं जादा शीड) नसतो, त्यामुळे नवख्यांनाही ती जमते. दोन फेऱ्या ठरल्या होत्या. वरचा मार्क, म्हणजे वळसा घालायची खूण, वायव्येला, शहराच्या बाजूला. खालचा आग्नेयेला, फेरीबोटींच्या वाटेपासून दूर.

पहिली फेरी छान झाली. दहा नॉटचा वारा होता, ओहोटी नुकती लागली होती. सव्वातीनला पुढच्या तीन होड्या दुसऱ्यांदा वर चढायला लागल्या आणि वाऱ्याचा शेवटचा दम धरून साडेतीनच्या आत वरचा मार्क वळून गेल्या. मागच्या नऊ होड्या अर्ध्या वाटेवर असताना वारा चार नॉटवर आला.

पुढचं चित्र नीट डोळ्यांसमोर आणायला हवं, कारण प्रोटेस्टचं मूळ त्यात आहे. वारा वायव्येचा, प्रवाह दक्षिण-नैर्ऋत्येकडे. वाऱ्याविरुद्ध होडी सरळ जात नाही, कधी एका तर कधी दुसऱ्या बाजूने वारा घेत नागमोडी चढते, त्या प्रत्येक टप्प्याला टॅक म्हणतात. स्टारबोर्ड टॅकवर, वारा उजवीकडून असताना, होडीचं नाक पश्चिमेकडे, पण प्रवाह तिला तिरकं खाली ओढून नेणार. पाण्यावरून ती पळताना दिसते, पण किनाऱ्याच्या हिशेबाने नैर्ऋत्येला घसरते. पोर्ट टॅकवर, वारा डावीकडून असताना, नाक जवळजवळ उत्तरेकडे, म्हणजे थेट प्रवाहाच्या तोंडावर. होडीचा वेग दोन नॉट, प्रवाह दोन नॉट. शीड भरलेलं, फळीखाली पाणी खळखळतंय, आणि किनाऱ्यावरची इमारत जागची हलत नाही. ज्यांनी खाडीत किंवा नदीत शिडाची होडी चालवली आहे त्यांना हे माहीत असतं. तलावावर शिकून आलेल्यांना मात्र हे कळायलाच पाच-दहा मिनिटं जातात, कारण होडीतून पाहिलं तर सगळं व्यवस्थित चाललेलं असतं.

नऊ होड्यांनी तीन वेगवेगळे मार्ग धरले.

सात जणांनी शीड सावरत, टॅक बदलत झगडा चालू ठेवला. त्यांतल्या बऱ्याच जणी दहा मिनिटांत तीनशे-चारशे मीटर खाली गेल्या.

ब होडीचा हेल्म, म्हणजे सुकाणू धरणारा, अनुभवी. त्याने किनारा धरला. काठाशी पाणी उथळ, तळाशी आणि काठाशी घासून प्रवाह मंदावतो, हे नदीत शर्यती करणाऱ्यांचं जुनं ज्ञान. त्याचं गणित बरोबर होतं आणि तो खरोखरच जागा धरून राहिला. अडचण एकच: वारा शहरावरून येत होता, आणि काठाशी उंच इमारतींचा आडोसा पडतो. पाण्याची ओढ कमी झाली तशी वाऱ्याची झुळूकही तुटली.

अ होडीत कॉलेजात शिकणारा हेल्म आणि कोळीवाड्यातली सोळा वर्षांची क्रू. वारा पडल्यावर दोन मिनिटांत त्या मुलीने सेंटरबोर्डाशेजारी (होडीच्या मधल्या उभ्या फळीशेजारी) बांधून ठेवलेला चार आकड्यांचा घडीचा नांगर सोडवला, पुढे गेली आणि पाण्यात सोडला. खोली सहा मीटर, दोर पंचवीस मीटर. दोर संपेपर्यंत होडी मागे गेली, ताण आला, आणि अ तिथे थांबली. शिडं फडफडत होती. दोघं तळाशी बसून पाणी पीत होते. बारा होड्यांपैकी नांगर फक्त दोघींत होते आणि वापरला तो एवढ्या एकीनेच.

वीस-पंचवीस मिनिटांनी, चारच्या सुमाराला, पश्चिम-वायव्येकडून सात नॉटचा वारा आला. मुलीने दोर हात-हात ओढून घेतला, नांगर वर आला, अ पोर्ट टॅकवरच निघाली, मार्क वळली आणि चौथी आली. तिच्यापासून पन्नास मीटरवर, काठाच्या बाजूला, ब होती. होडी नुसत्या दोरावर पुढे येताना पाहून तिच्या हेल्मने जागेवरून "प्रोटेस्ट!" अशी हाक दिली. नंतर आडोशातून बाहेर पडायला ब ला पाव तास लागला आणि ती सातवी आली. दोन होड्यांना रेस्क्यू बोटीने ओढून आणलं, त्या शर्यतीतून बाद. तीन वेळेच्या मर्यादेबाहेर गेल्या.

सुनावणी

प्रोटेस्ट वैध होता. सहा मीटरपेक्षा लहान होडीला लाल झेंडा लावावा लागत नाही, हाक पुरते, आणि हाक वेळेवर दिलेली होती. अ च्या दोघांनी ती ऐकल्याचं मान्य केलं.

ब चं म्हणणं साधं आणि सरळ होतं. शिडांच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम 42 सांगतो की होडीने वेग घ्यायचा तो फक्त वाऱ्याच्या आणि पाण्याच्या बळावर. इथे दंडाच्या बळावर होडी पंचवीस मीटर पुढे आली. "मी डोळ्यांनी पाहिलं," तो म्हणाला, "शीड फडफडत होतं, आणि होडी मासा गळाला ओढावा तशी पुढे येत होती." त्याचा दुसरा मुद्दा असा की नांगर पुढे भिरकावला होता.

त्याच्या सांगण्यात काही खोटं नव्हतं. होडी पुढे आली होती, हाताच्या बळावर आली होती, आणि वाऱ्याचा त्यात वाटा जवळजवळ नव्हता.

पण नियम 45 शर्यतीत नांगर टाकायला स्पष्ट परवानगी देतो. इतकंच नाही, तर पुढे निघण्याआधी नांगर परत घेण्याचं बंधन घालतो. अगदी निघतच नसेल तर सोडून जाता येतं. आता नांगर परत घ्यायचा तर दोर ओढावाच लागणार, आणि दोर ओढला की होडी नांगराकडे जाणारच. दोन नियम एकमेकांवर आदळतात असं वाटतं. वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेच्या केसबुकात केस क्रमांक 5 नेमकी यावर आहे: नांगरलेली होडी शर्यतीतच असते. नांगर काढताना ती जिथे नांगर टाकला त्या जागी परत आली, तर नियमभंग नाही. दोर ओढल्यामुळे ती स्पष्टपणे वेगळ्या जागी जाऊन पोचली, तर मात्र 42 मोडला.

मला हा निवाडा फार न्याय्य वाटतो. होडी थांबली त्या क्षणी तिच्या हातात जी जागा होती ती तिची. दोरामुळे ती जी मागे गेली ते तिचं तात्पुरतं नुकसान. ते भरून घेण्यात फायदा काही नाही. ब ने जे सहा लांब्यांचं पुढे येणं पाहिलं, ते आधी मागे गेलेलं अंतर होतं. सहा मीटर खोलीत पंचवीस मीटर दोर ताणला की होडी नांगराच्या मागे आडव्यात चोवीस मीटर राहते. तेवढंच अंतर ती परत आली. वारा पडला तेव्हा ब चं सगळं लक्ष काठाकडे होतं, अ मागे जाताना त्याने पाहिलीच नव्हती. त्याला गोष्टीचा उत्तरार्ध दिसला.

मग तथ्याचे दोन प्रश्न उरले. नांगर टाकला कुठे? आणि निघाला कुठे?

नांगर होडीच्या नाकाखाली सरळ सोडला की पुढे फेकला, यावर बरंच अवलंबून होतं. एखाद्याने दोर घुमवून नांगर दहा मीटर पुढे टाकला आणि मग तिथपर्यंत ओढत गेला, तर ते दहा मीटर उघड उघड कमावलेले. हेल्म म्हणाला सोडला. ब म्हणाला फेकला. मुलगी म्हणाली, "काका, फेकला असता तर आकडे नीट बसले नसते. मी दोर हातातून जाऊ दिला." ही माहिती खरी होती, पण ती स्वतःच्या बाजूनेच बोलणार.

निर्णायक ठरली ती रेस्क्यू बोटीवरच्या तांडेल काकांची साक्ष. त्यांची बोट बाहेरच्या बाजूला, पूर्वेला, स्वतः नांगरून उभी होती. त्यांना प्रोटेस्टशी देणंघेणं नव्हतं. त्यांचं लक्ष अ कडे होतं ते काळजीपोटी. लहान होडीचा नांगर उधाणाच्या ओहोटीत घसरला तर ती वाहवत जाते, आणि घसरतोय की नाही हे पाहायला त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. अ ची डोलकाठी मागच्या किनाऱ्यावरच्या एका उंच इमारतीच्या कडेशी जुळवून पाहिली.

मी विचारलं, "काका, नांगर टाकला तेव्हा काठी कुठं होती?"

"कडेवर. बरोबर कडेवर."

"फेकला की सोडला?"

"फेकला नाय. सोडला. मंग होडी गेली मागं, काठी आली त्या पांढऱ्या गच्चीवर. तिथनं हलली नाय. नांगर चांगला धरलेला."

"आणि काढला तेव्हा?"

"परत कडेवर आली. लोखंड पाण्याभायेर दिसलं तवा काठी कडेच्या पुढं होती. हातभर."

त्या हातभरावर आम्ही तिघांनी सर्वांत जास्त वेळ घातला.

कमिटीतल्या एका सहकाऱ्याचं मत होतं की पुढे म्हणजे पुढे. ओढण्याच्या जोराने होडीला गती आली, ती मूळ जागेच्या पलीकडे गेली, नियम मोडला. त्याचं म्हणणं हलकं घेण्यासारखं नव्हतं. जोरात हात-हात दोर ओढला तर चार मीटरची हलकी होडी नांगरावरून सहज दोन लांब्या पुढे सटकते, आणि हे मुद्दाम करता येतं. मोठ्या शर्यतीत कोणी ते करत असेल तर शिक्षा व्हायलाच हवी.

मी दोन गोष्टी मांडल्या. एक, केसचा शब्द 'स्पष्टपणे' असा आहे. शे-दीडशे मीटरवरून पाहणाऱ्या माणसाला हातभर वाटलेलं अंतर, नांगरलेल्या बोटीवरून घेतलेलं असलं तरी, स्पष्ट म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त वजनदार वाटली: लोखंड पाण्याबाहेर दिसलं तो क्षण आणि नांगर तळापासून सुटला तो क्षण एक नव्हेत. नांगर सुटल्यानंतर सहा मीटर दोर वर घ्यायला काही सेकंद जातात. त्या सेकंदांत वारा आला होता, हेल्मने मेन (मोठं शीड) आत घेतली होती, आणि होडी शिडावर चालू लागली होती. हे ब नेही उलटतपासणीत मान्य केलं: शेवटी शेवटी शीड भरलं होतं. म्हणजे तो हातभर वाऱ्याचा असण्याची शक्यता दोराइतकीच किंवा जास्त होती.

निष्कर्ष तिघांच्या सहमतीने लिहिला: अ ने नांगर नाकाखाली सोडला, परत घेताना ती मूळ जागी आली, दोरामुळे ती स्पष्टपणे वेगळ्या जागी गेल्याचं सिद्ध झालं नाही. नियम 42 किंवा 45 मोडला नाही. प्रोटेस्ट फेटाळला. अ चा चौथा क्रमांक आणि चार गुण कायम.

ब ने दाद मागितली होती तीही आम्ही नाकारली. त्याचा मुद्दा होता की वारा पडल्यावर रेस ऑफिसरने शर्यत आखडती घ्यायला किंवा रद्द करायला हवी होती. नियम 32 तसा अधिकार देतो, सक्ती करत नाही. तीन होड्या वरचा मार्क वळून वेळेत पोचण्याच्या बेतात होत्या, त्यांचं कमावलेलं काढून घेणं योग्य नव्हतं.

निकालाबाहेरचं

निकाल इथे संपला, पण मला स्वतःला त्या मुलीचा निर्णय जास्त महत्त्वाचा वाटतो. सात होड्या शिडाशी झगडत मागे जात होत्या, त्यांत राज्य पातळीवर उतरलेले हेल्म होते. थांबणं म्हणजे हार, ही भावना शर्यत करणाऱ्याच्या अंगात मुरलेली असते. हात चालू राहिले की प्रयत्न केल्यासारखं वाटतं. त्या मुलीच्या घरी पाण्याची ओढ आली की नांगर टाकतात आणि पाणी फिरायची वाट बघतात. तिने होडी पुढे जातेय की मागे हे पाण्यावरून न ठरवता किनाऱ्यावरून ठरवलं. आमच्या प्रशिक्षणात शिडाची ठेवण, वजन कुठे टाकायचं, स्टार्टची सेकंदं, सगळं घोटून घेतलं जातं. किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरून आपण खरोखर कुठे चाललो आहोत हे पाहायला कोणी शिकवत नव्हतं.

क्लबच्या बैठकीत तीन गोष्टी ठरल्या. प्रत्येक डिंगीत घडीचा नांगर आणि किमान पंचवीस मीटर दोर, आणि तो गाठी सोडवत बसावं न लागता हाताशी येईल असा बांधलेला. यावर कोणाचा आक्षेप नव्हता. दुसरी, नवीन मुलांच्या वर्गात एक दुपार तांडेल काकांकडे: खुणा धरणं, नांगर सोडणं, घसरतोय का ते ओळखणं.

तिसरी गोष्ट स्टार्टच्या वेळेची, आणि तिथे मात्र खडाजंगी झाली. माझा प्रस्ताव असा होता की अष्टमीच्या आसपासच्या रविवारी अडीचचाच स्टार्ट ठेवावा. अष्टमीला आठ त्रिक चोवीस भागिले चार, सहाला भरती. म्हणजे बारापासून पाणी भरत असतं, शिवाय भांगाचं, म्हणजे लहान भरती-ओहोटीचं, पाणी असल्याने ओढ मुळातच कमी. दोन फेऱ्या आरामात होतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मात्र स्टार्ट पाऊण वाजता, एकच फेरी, आणि सव्वादोनच्या आत सगळे किनाऱ्याला. भरती पूर्ण होण्याच्या आगेमागे पाणी थोडं सैल असतं, तेवढ्यात शर्यत उरकते.

विरोध दोन बाजूंनी आला. पाऊण वाजता वारा कधी बसलेला असतो, कधी नसतो, हे खरं आहे. मार्चनंतर बहुतेक दिवशी बसतो, डिसेंबर-जानेवारीत खात्री नाही. दुसरा विरोध डोंबिवलीच्या सभासदांचा. मेगाब्लॉकच्या रविवारी पाऊणचा स्टार्ट गाठायचा तर घरून नऊला निघावं लागतं. त्यांच्यासाठी होड्या आधीच जोडून ठेवण्याची जबाबदारी कुलाब्यात राहणाऱ्यांनी घ्यावी, असा तोडगा निघाला. ब च्या हेल्मने आपलं नाव त्या यादीत पहिलं घातलं.

हंगाम मेअखेर संपतो, पावसाळ्यात होड्या शेडमध्ये जातात. ऑक्टोबरपासूनचं वेळापत्रक पंचांग समोर ठेवूनच लावायचं ठरलं आहे. डिसेंबर-जानेवारीतल्या उधाणाच्या रविवारांचं काय करायचं हे अजून मिटलेलं नाही. माझं मत आहे की त्या रविवारी वरचा मार्क वायव्येला न ठेवता, वारा थोडा तिरका पडला तरी चालेल, पण प्रवाहाच्या आडव्या बाजूला ठेवून छोटा कोर्स लावावा. रेस ऑफिसरला ते पटलेलं नाही. त्यांच्या मते चढाईचा टप्पा वाऱ्याला सरळ नसेल तर ती शर्यत राहत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या उधाणाला दोन्ही कोर्स एकेकदा लावून पाहणार आहोत.